अठ्ठावीस हार आणि पाचवा पिक: ड्राफ्टच्या आधी हरणाऱ्या संघाची गरज कशी ओळखायची?

ज्यांचे इयरफोन घरी राहिलेत, किंवा लोकलमध्ये रेंज जाऊन एपिसोड अर्ध्यावर अडकलाय, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोलताना झालेलं ‘अं... म्हणजे... काय ते’ काढून टाकलंय. बाकी जसं बोललो तसंच ठेवलंय.

आजचा प्रश्न असा. एक बास्केटबॉल संघ सडकून हरतोय. जूनमध्ये ड्राफ्ट आहे. त्या संघानं कोणाला घ्यावं?

यावर नेहमीचं उत्तर ठरलेलं असतं. संघातल्या पाच जागा बघा, कुठली जागा कमजोर आहे ते शोधा, त्या जागेचा मुलगा घ्या. सेंटर नाही? सेंटर घ्या. सोपं! पण मला हे उत्तर पटत नाही. आणि का पटत नाही ते हवेत बोलण्यापेक्षा एका खऱ्या संघावर दाखवतो. संघ आहे डेट्रॉइट पिस्टन्स, आणि महिना आहे जून २०२४.

एनबीए फॉलो करत नसाल तर आधी थोडी पार्श्वभूमी. पिस्टन्स हा लहानसहान संघ नाही. १९८९, १९९० आणि २००४ अशी तीन विजेतेपदं आहेत त्यांच्याकडे. पण २०२३-२४ चा सीझन त्यांनी असा खेळला की बघणाऱ्याला लाज वाटावी. सुरुवात तर बरी झाली होती, तीनपैकी दोन मॅच जिंकले. मग ३० ऑक्टोबरला हरले. पुढची मॅच हरले. त्याच्या पुढची हरले. असं करत करत सलग २८ मॅच हरले! एका सीझनमध्ये एवढ्या सलग मॅच एनबीएत कुणीच हरलं नव्हतं. आधीचा विक्रम २६ चा होता. तो मोडला त्या मॅचमध्ये, ब्रुकलिन नेट्सविरुद्ध, त्यांच्या केड कनिंगहॅमनं एकट्यानं ४१ पॉइंट काढले होते. तरी हरले. घरच्या मैदानात प्रेक्षक ‘संघ विकून टाका’ अशा घोषणा देत होते. शेवटी ३० डिसेंबरला टोरोंटोला १२९-१२७ असं हरवलं, तेव्हा कुठे सुटका झाली. सीझन संपला तेव्हा हिशोब होता १४ विजय, ६८ पराभव.

त्यांच्या संध्याकाळच्या मॅच हिवाळ्यात आपल्याकडे पहाटे साडेपाचच्या सुमाराला सुरू होतात. मी त्यातल्या बऱ्याच बघितल्या. चहा गार व्हायचा, आणि तिसऱ्या क्वार्टरपर्यंत मॅचही.

आता ड्राफ्ट म्हणजे काय, ते पटकन. आपल्याला आयपीएलचा लिलाव माहीत असतो. तिथे पर्समध्ये पैसे आहेत तोवर कुठलाही संघ कुणावरही बोली लावू शकतो. ड्राफ्टमध्ये बोली नसते, रांग असते. कॉलेजमधून, परदेशातून येणारे नवे खेळाडू संघ एकेक करून निवडतात आणि खराब खेळलेल्या संघांना रांगेत पुढची जागा मिळते. या जागेलाच ‘पिक’ म्हणतात. रांगेतले पहिले चार नंबर लॉटरीनं ठरतात, कारण नाहीतर संघ मुद्दाम हरत बसतील. सगळ्यात वाईट तीन संघांना पहिल्या नंबरची शक्यता सारखीच, १४ टक्के. आणि सगळ्यात शेवटच्या संघाची खात्री एवढीच की पाचव्याच्या खाली घसरणार नाही.

शेवटच्या संघाला नेमका पाचवाच नंबर मिळण्याची शक्यता किती, माहितीये? ४७.९ टक्के. जवळपास नाणेफेक.

पिस्टन्सची ही नाणेफेक दोन वर्षं उलटी पडली. २०२३ मध्ये १७-६५ असा लीगमधला सगळ्यात वाईट रेकॉर्ड. त्या वर्षी बक्षीस होतं व्हिक्टर वेम्बन्यामा. तो सॅन अँटोनियोला गेला, पिस्टन्सला पाचवा पिक. २०२४ ला पुन्हा सगळ्यात वाईट, पुन्हा पाचवा. २०२२ लाही पाचवाच मिळाला होता. सलग तीन वर्षं पाच नंबर! आणि २०२४ चा पहिला नंबर कुणाला? अटलांटा हॉक्सला, ज्यांची शक्यता होती ३ टक्के.

तर जून २०२४ मध्ये तुम्ही डेट्रॉइटच्या ऑफिसात बसलाय असं समजा. हातात पाचवा पिक आहे. आधीचे जनरल मॅनेजर ट्रॉय वीव्हर गेलेत, नवे प्रमुख ट्रेजन लँग्डन नुकतेच आलेत. १९ जूनला कोच मॉन्टी विल्यम्सनाही काढलंय. सहा वर्षांचा, सुमारे ७ कोटी ८५ लाख डॉलरचा करार होता त्यांचा. एकच वर्ष झालं होतं. राहिलेले पैसे द्यावे लागणारच, तरीही काढलं. ड्राफ्ट आहे २६ जूनला. म्हणजे संघ तपासायला वेळ जेमतेम.

तपासायची सुरुवात कुठून करायची? माझं म्हणणं, रिकाम्या जागेपासून नाही. आपल्या सगळ्यात चांगल्या खेळाडूपासून करायची. त्याला त्याचं काम करू देत नाही अशी गोष्ट कुठली? ती सापडली की संघाची गरज सापडली.

इथे तो खेळाडू म्हणजे केड. २०२१ चा पहिला पिक, वय २२, उंच गार्ड, सरासरी २२.७ पॉइंट आणि ७.५ असिस्ट. बॉल त्याच्या हातात असतो, निर्णय तो घेतो. आता त्याची मॅच डोळ्यासमोर आणा.

केड वरून बॉल घेऊन येतो. जेलन ड्युरेन, त्यांचा तगडा सेंटर, येऊन केडच्या बचावपटूच्या वाटेत भिंतीसारखा उभा राहतो. याला स्क्रीन म्हणतात. केड त्या भिंतीला वळसा घालून आत घुसतो आणि त्याच वेळी ड्युरेन बास्केटकडे पळतो. समोरचे दोन बचावपटू अर्धं पाऊल मागे पडलेत. आता ते दोघंच असतील तर काम फत्ते. एकतर केड स्वतः टाकेल, नाहीतर ड्युरेनला वर उचलून देईल आणि तो डंक करेल.

पण ते दोघंच नसतात. कोपऱ्यात उभा असलेला तिसरा बचावपटू आत सरकतो, ड्युरेनच्या वाटेत येतो. तो कुणाला सोडून आला? कोपऱ्यातल्या पिस्टन्सच्या खेळाडूला. सगळी मेख इथे आहे. कोपऱ्यातला मुलगा नेम धरून मारणारा असेल तर त्याला सोडताना बचावपटू दहादा विचार करतो. नसेल तर बिनधास्त सोडतो.

२०२३-२४ मध्ये त्या जागी बऱ्याचदा कोण होतं? ऑसार थॉम्पसन. अफाट चपळ, बचावात वाघ, रिबाउंडला उडी मारली की बघत राहावं. पण त्या वर्षी तीन पॉइंटच्या रेषेबाहेरून त्याचा नेम होता १८.६ टक्के. जरा गणित करा. ३६ टक्के नेम असलेल्यानं रेषेबाहेरून मारलं तर दर प्रयत्नामागे सरासरी १.०८ पॉइंट मिळतात. १८.६ टक्केवाल्याचे होतात जेमतेम ०.५६. म्हणजे समोरचा संघ मनातल्या मनात म्हणत असतो, ‘मार बाबा, तूच मार’.

आणि सुरुवातीच्या महिन्यांत थॉम्पसनच्या जोडीला किलियन हेज नावाचा गार्ड खेळायचा. नेमाचा त्याचाही आनंदच होता. म्हणजे पाचातले तीन जण, ड्युरेन धरून, असे की बाहेर उभे राहिले तर कुणी त्यांच्याकडे ढुंकूनही बघणार नाही. कोर्ट ५० फूट रुंद असतं. तीन पॉइंटची रेषा समोरून २३ फूट ९ इंचावर, कोपऱ्यात २२ फुटांवर. एवढी ऐसपैस जागा, पण पिस्टन्सची मॅच बघताना वाटायचं की सगळे एका लिफ्टमध्ये खेळतायत. केड वळसा घालून आत येतो तर समोर तीन माणसं. मग बॉल हातातून निसटतो, नाहीतर अवघड शॉट. टर्नओव्हर सगळ्यात जास्त करणाऱ्या संघांत पिस्टन्स होते आणि तीन पॉइंटर सगळ्यात कमी मारणाऱ्या संघांतही. या दोन वेगळ्या तक्रारी वाटतात. मला त्या एकाच दुखण्याच्या दोन खुणा वाटतात.

म्हणून केडला काय हवं होतं? मोकळी जागा. बास्केटबॉलवाले याला स्पेसिंग म्हणतात. ती मिळते नेमबाजांमुळे. गरज नंबर एक सापडली.

दुसरी गोष्ट, वय. केड २२, जेडन आयव्ही २२, ड्युरेन २०, थॉम्पसन २१, आयझेया स्टुअर्ट २३. कॉलेजच्या हॉस्टेलची खोली वाटते ही! पाच मिनिटं राहिलीत आणि चार पॉइंटनं पुढे आहोत, तेव्हा काय करायचं हे ज्यानं दोनशे वेळा केलंय असा माणूस मैदानात हवा. बोयान बोग्दानोविच तसा होता, पण सीझनच्या सुरुवातीला तो दुखापतीत होता. पुढे फेब्रुवारीत न्यूयॉर्कला पाठवला.

तिसरी गोष्ट थोडी उलटी आहे. काय कमी आहे हे बघताना काय जास्त झालंय हेही बघावं लागतं. पिस्टन्सकडे आतच खेळणारे उंच खेळाडू ढिगानं होते. ड्युरेन, स्टुअर्ट, शिवाय मार्विन बॅग्ली आणि जेम्स वाइजमन. हे शेवटचे दोघं दुसऱ्या संघांचे नंबर दोनचे पिक होते, २०१८ आणि २०२० चे. तिथे जमलं नाही म्हणून ट्रेड करून आणलेले. ‘इथे संधी दिली तर फुलतील’ ही वीव्हर यांची आशा होती. आशा वाईट नसते, पण एकाच प्रकारच्या चार खेळाडूंवर ठेवली की बाकीच्या जागा उपाशी राहतात. बॅग्ली जानेवारीत वॉशिंग्टनला गेला.

आणि एक चौथी गोष्ट, जी ड्राफ्टच्या तक्त्यावर कधी लिहिलेलीच नसते. दुखणं खेळाडूंचं आहे की त्यांच्या मांडणीचं? आयव्ही हा संघातला दुसरा चांगला हल्लेखोर, आदल्या वर्षीचा स्टार्टर. पण या सीझनच्या सुरुवातीला त्याला बेंचवर बसवून हेजला खेळवलं. फेब्रुवारीत हेजला संघानंच सोडून दिलं. म्हणजे जो माणूस वर्ष संपायच्या आत नकोसा झाला, त्याच्यासाठी आयव्हीला बाहेर ठेवलं होतं! असा दोष नवीन मुलगा घेऊन सुटत नाही. त्यासाठी कोच बदलावा लागतो, आणि तो बदलला गेला.

आता खरा पेच. गरज कळली. नेमबाज हवेत, अनुभवी हवेत. मग पाचव्या पिकवर नेमबाज घ्यायचा का?

अनुभवी माणूस ड्राफ्टमध्ये मिळत नाही, हे तर उघड आहे. तिथे येणारी मुलं १९-२० वर्षांची. पण नेमबाज तर मिळतो ना? त्या वर्षी सगळ्यात चर्चेतला नेमबाज होता केंटकीचा रीड शेपर्ड. कॉलेजात तीन पॉइंटला ५२ टक्के! पण तो तिसऱ्या नंबरला ह्यूस्टननं उचलला. उरलेल्यांत टेनेसीचा डाल्टन कनेक्ट होता, मोठा स्कोरर, पण वय २३. ड्राफ्टच्या आधी त्याचं नाव डेट्रॉइटशी जोडणारे बरेच होते. हिशोब सरळ दिसत होता, नेमबाज हवाय आणि हा नेमबाज आहे.

इथे पिस्टन्सचाच एक जुना किस्सा सांगायला हवा. २००३ मध्ये त्यांच्याकडे दुसरा पिक होता. स्वतः चांगले खेळत असूनही, कारण तो पिक जुन्या ट्रेडमधून मेम्फिसकडून आलेला. पहिला नंबर लेब्रॉन जेम्सचा, त्यात वाद नव्हता. दुसऱ्या नंबरला समोर होता कार्मेलो अँथनी. पण त्याच जागेवर पिस्टन्सकडे टेशॉन प्रिन्स नावाचा तरुण मुलगा होता, ज्यानं प्लेऑफमध्ये चमक दाखवली होती. ती जागा भरलेली आहे, आत उंच माणूस हवाय, असा विचार झाला आणि घेतला सर्बियाचा डार्को मिलिचिच. नुकतीच अठरा पूर्ण झालेली. तिसऱ्या नंबरला कार्मेलो डेन्व्हरला गेला, चौथ्याला ख्रिस बॉश, पाचव्याला ड्वेन वेड. तिघंही पुढे हॉल ऑफ फेममध्ये. डार्को पिस्टन्समध्ये बहुतेक वेळ बेंचवर बसला. न्यायानं बोलायचं तर तेव्हा डार्कोचं कौतुक एकट्या डेट्रॉइटलाच नव्हतं, बऱ्याच जणांना तो मोठा होईल असं वाटत होतं. आणि पुढच्याच वर्षी पिस्टन्स विजेते झाले, त्यामुळे ती चूक त्या वेळी बोचलीही नाही. पण ‘ही जागा भरलेली आहे’ या एका वाक्यावर पुढची पंधरा वर्षं ओवाळून टाकली, ती टाकलीच.

का होतं असं? कारण आजची गरज आणि ड्राफ्टचा खेळाडू यांची घड्याळं वेगळी चालतात. १९ वर्षांचा मुलगा खरा उपयोगी पडायला दोन-तीन वर्षं जातात. तोवर आजची गरज बदललेली असते. याउलट पहिल्या फेरीच्या पिकचा पगार ठरावीक आणि कमी असतो आणि चार वर्षं तो संघाच्या हातात राहतो. त्यातला एखादा स्टार निघाला तर एवढ्या स्वस्तात स्टार दुसऱ्या कुठल्याच वाटेनं मिळत नाही. नेमबाज मात्र बाजारात मिळतो. दर उन्हाळ्यात करार संपलेले चांगले नेमबाज मोकळे होतात. त्यांना पैसे द्या, येतात. डेट्रॉइटला स्टार खेळाडू आपणहून येत नाहीत, थंडी आहे, हरणारा संघ आहे. पण नेमबाज येतो, कारण केडसारखा पास देणारा असेल तर त्याचे आकडे वाढतात आणि पुढचा करार मोठा होतो.

म्हणून माझा नियम असा. जे बाजारात विकत मिळतं त्यासाठी वरचा पिक जाळू नये. बाजारात न मिळणारी गोष्ट, म्हणजे उंची, वेग, झपाटा आणि कोवळं वय एकत्र, ती ड्राफ्टमधून घ्यावी.

लँग्डन यांनी नेमकं हेच केलं, निदान बाहेरून तसं दिसतं. पाचव्या नंबरला घेतला रॉन हॉलंड. वय तेव्हा १८, जुलैत १९ होणार. जी लीग इग्नाइट नावाच्या संघातून आलेला, जो संघ त्याच वर्षी बंद झाला. प्रचंड धावपळ, अंगावर जाऊन बचाव, आणि बाहेरचा नेम... कच्चा! हो, थॉम्पसनसारखाच. इंटरनेटवर त्या रात्री जो गदारोळ झाला तो मला समजू शकतो. ज्या संघाला नेमबाज हवेत त्यानं आणखी एक बिननेमाचा घेतला? कनेक्ट सतराव्या नंबरपर्यंत घसरला आणि लेकर्सकडे गेला, त्यामुळे तेलात आणखी मिरची पडली.

पण ड्राफ्ट संपल्यावर लगेचच्या दिवसांत काय झालं ते बघा. तिकडे फार कमी लोकांचं लक्ष होतं.

पिस्टन्सकडे सॅलरी कॅपमध्ये भरपूर मोकळी जागा होती. कॅप म्हणजे संघानं पगारांवर किती खर्च करायचा याची मर्यादा, २०२४-२५ साठी ती सुमारे १४ कोटी ६ लाख डॉलर होती. ही मोकळी जागा नुसती पैशांची नाही, तिच्यावर व्यवहार करता येतो. डॅलसला क्ले थॉम्पसनला आणायचं होतं, त्यासाठी पगार कमी करायचे होते. त्यांनी टिम हार्डवे ज्युनियर पिस्टन्सना दिला, सोबत दुसऱ्या फेरीचे तीन पिकही दिले, आणि बदल्यात घेतला क्वेंटिन ग्राइम्स. म्हणजे अनुभवी नेमबाज आला आणि वर दक्षिणाही मिळाली.

मग मलिक बीझली. आदल्या वर्षी मिलवॉकीत तीन पॉइंटला ४१ टक्क्यांच्या वर, तरी बाजारात फार भाव नव्हता. एक वर्ष, ६० लाख डॉलर. एनबीएच्या हिशोबात हे भाजी आणायला गेल्यावर कोथिंबीर फुकट मिळाल्यासारखं आहे. आणि टोबायस हॅरिस, दोन वर्षं, ५ कोटी २० लाख डॉलर. यावर मात्र लोक हसले. फिलाडेल्फियाच्या मे महिन्यातल्या शेवटच्या प्लेऑफ मॅचमध्ये हॅरिसनं शून्य पॉइंट केले होते, तिथले चाहते त्याला वैतागले होते. पण फिलाडेल्फियाला तो महागडा तिसरा स्टार म्हणून नको होता. डेट्रॉइटला तो शांत डोक्याचा, बाहेरून मारू शकणारा, रोज खेळायला येणारा मोठा भाऊ म्हणून हवा होता. माणूस तोच, गरज वेगळी.

कोच म्हणून आले जे. बी. बिकरस्टाफ. आणि एक बातमी ज्यावर कुणी मीमसुद्धा बनवला नाही: न्यू ऑर्लिन्सहून फ्रेड व्हिन्सन नावाचे सहायक कोच आणले, ज्यांची ओळखच खेळाडूंचा शॉट सुधारणं ही आहे. बिननेमाची मुलं घ्यायची असतील तर नेम शिकवणारा माणूसही पगारावर हवा. अर्धा ड्राफ्ट तर तिथेच असतो.

निकाल? २०२४-२५ मध्ये १४ चे झाले ४४ विजय. तिपटीहून जास्त! केड ऑल-स्टार झाला, ऑल-एनबीए संघात आला, २६ पॉइंट आणि ९ असिस्टची सरासरी. बीझलीनं सीझनमध्ये ३१९ तीन पॉइंटर मारले. त्याच्यापुढे लीगमध्ये फक्त अँथनी एडवर्ड्स, ३२०. आयव्हीचा बाहेरचा नेम ४१ टक्क्यांच्या आसपास गेला होता, पण १ जानेवारीला बिचाऱ्याचा पाय मोडला. संघ सहाव्या क्रमांकानं प्लेऑफमध्ये गेला आणि न्यूयॉर्कशी चार-दोन असा हरला. पण त्या सिरीजची दुसरी मॅच त्यांनी मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये १००-९४ अशी जिंकली. प्लेऑफमधला हा पिस्टन्सचा २००८ नंतरचा पहिला विजय. मधे प्लेऑफच्या सलग १५ मॅच हरले होते, तोही लीगचा विक्रमच.

आता लक्षात घ्या, या ४४ विजयांत हॉलंडचा वाटा छोटा होता. बेंचवरून यायचा, धावायचा, भांडायचा, बाहेरून शॉट चुकवायचा. एका श्रोत्यानं मला मेसेज केला होता की मग पिक वायाच गेला ना? मी म्हणतो, पहिल्या वर्षाच्या पॉइंटवर पिक मोजायचा नसतोच. जिंकण्याचं काम त्या वर्षी बाजारातून आणलेल्या माणसांचं होतं. हॉलंडला शिकायला वेळ मिळाला, तोही जिंकणाऱ्या संघात. २८ मॅच हरणाऱ्या संघात १९ वर्षांचा मुलगा काय शिकतो, ते २०२३ च्या हिवाळ्यात बघितलंच होतं.

पण माझा नियम सगळीकडे चालतो असं म्हणणार नाही. हॉलंडबद्दल मला एक शंका तेव्हाही होती, अजून आहे. थॉम्पसन आणि हॉलंड दोघंही बचावाचे वाघ, दोघांनाही बाहेर कुणी भीत नाही, त्यात ड्युरेन आत खेळणारा. हे तिघं प्लेऑफच्या शेवटच्या पाच मिनिटांत एकत्र उभे राहू शकतील का? नसतील तर एक जण कायम बेंचवर. म्हणजे ‘गुणवान घ्या, जागा बघू नका’ म्हणतानाही एक प्रश्न विचारावाच लागतो: हा मुलगा मोठा झाला तर आपल्या स्टारबरोबर खेळू शकेल का? जागेचं नाव, गार्ड की फॉरवर्ड, याला मी महत्त्व देत नाही. पण एकमेकांची जागा खाणारे दोन गुण एकाच संघात असतील तर ते आधी बघायला हवं. लँग्डन यांचा डाव बहुधा असा असेल की दोघांपैकी एकाचा तरी नेम सुधारेल. व्हिन्सन यांच्यावर भिस्त. डाव धाडसाचा आहे.

आणि त्यांना मोकळ्या जागेची काळजी नाही असंही नाही. २०२५ च्या उन्हाळ्यात बीझली संघात राहिला नाही. तेव्हा पिस्टन्सनं मायामीहून आणला डंकन रॉबिन्सन, लीगमधल्या नावाजलेल्या नेमबाजांपैकी एक. ड्राफ्टमधून नाही, ट्रेडमधून.

आज एवढंच. तुमच्या आवडत्या संघाची तपासणी करून बघायची असेल तर त्याचे शेवटचे पाच पराभव काढा आणि फक्त कोपऱ्यात उभ्या असलेल्या खेळाडूकडे बघत बसा. बॉलकडे नाही. समोरचा बचावपटू त्याला सोडून किती वेळा आत जातो, ते मोजा आणि आकडा मला पाठवा.